आधी स्टिक तिच्या कमरेला लावून बघा

पत्र:

मॅडम, आम्ही कासारवाडीला राहतो. माझी मुलगी दहावीत आहे. ३ वर्षं झाली, नेहरूनगरच्या ग्राउंडवर हॉकी खेळते, राइट हाफला. दिवाळीपासून तिचं एकच चाललंय, स्टिकला काही ना काही करत बसायचं. आधी गुलाबी ग्रिप चढवली. मग त्या ग्रिपवर दुसरी ग्रिप. मग खालच्या वाकड्या भागाला टेप गुंडाळली. प्रत्येक बदलानंतर दोन मॅच झकास खेळते, घरी येऊन सांगते, "आई, आता जमलं." मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता म्हणते, ९० टक्के कार्बनची लो बो स्टिक घेतली की गेम सुधारेल. किंमत १८ हजार. सध्याची स्टिक आत्येभावानं दिलेली आहे, ३७.५ इंची, चांगल्या कंपनीची. तिचे बाबा म्हणतात, धनराज पिल्ले तुटक्या स्टिकनं खेळून मोठा झाला, हे सगळे मनाचे खेळ आहेत. मी पॅकिंगच्या कामाला जाते, पैसे भिशीतून काढता येतील. पण खरंच फरक पडतो का? आणि मनाचेच खेळ असतील तर तिला तसं सांगू का? दुखावेल ती. तशी खमकी आहे. उंची ५ फूट, पण कुणाला घाबरत नाही. पोटावर डाव्या अंगाला कायम काळानिळा डाग असतो, विचारलं तर म्हणते, "लागतं गं खेळताना."
एक आई

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या डागापाशी थांबले. तुम्ही तो तिच्या खमकेपणाची खूण म्हणून लिहिलात. मला त्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिसतंय.

बॉल लागून होणारे डाग नडगीवर, मांडीवर, बोटांवर होतात आणि जागा बदलतात. पोटाच्या डाव्या अंगाला, त्याच जागी, कायम राहणारा डाग मी ग्राउंडवर बऱ्याच मुलींच्या अंगावर पाहिलाय. तो स्टिकच्या वरच्या टोकाचा असतो. स्टिकचं वरचं टोक डाव्या मुठीत असतं. मुलगी वाकून ड्रिबल करते, बॉल पायाजवळ ओढते आणि स्टिक उंचीपेक्षा लांब असली की वरच्या टोकाला जायला जागाच उरत नाही. ते पोटात रुततं. महिनाभर असं झालं की शरीर आपणहून एक वाईट सवय लावून घेतं, बॉल जवळ घ्यायचाच नाही. राइट हाफच्या जागी याची किंमत फार मोठी आहे. साइडलाइनला खेटून समोरचा लेफ्ट विंग अंगावर येतो तेव्हा बॉल पायाजवळ ओढून, वळून बाहेर काढता आला पाहिजे. बॉल हातभर लांब ठेवणारी मुलगी तिथं दर वेळी लुटली जाते. तिचे सर तिला "बॉल जवळ ठेव" असं ओरडत असणार. नक्की विचारा तिला.

३७.५ इंची स्टिक साधारण पावणेसहा फुटांच्या माणसाची. ५ फूट उंचीच्या मुलीला ३५ ते ३६ इंच पुरते. दीड-अडीच इंचांनी काय होतंय असं वाटेल, पण मनगटाच्या खेळात तेवढ्यानं सगळं बदलतं. शिवाय मोठ्या माणसाची स्टिक बहुधा वजनालाही थोडी जास्तच असते. नियमानं स्टिकचं वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालतं, हल्लीच्या बहुतेक स्टिक त्यापेक्षा पुष्कळ हलक्या असतात. पण एकूण ग्रॅम किती यापेक्षा ते वजन मुठीपासून किती लांब आहे, हे हाताला जास्त जाणवतं. घरातला दांड्याचा खराटा घ्या. आधी काड्यांच्या बाजूनं धरून हवेत डावी-उजवीकडे फिरवा, मग दांड्याच्या टोकाला धरून फिरवा. खराटा तोच, वजन तेच. दुसऱ्या वेळी मनगट भरून येईल. मुठीपासूनचं अंतर दुप्पट झालं की तेच वजन फिरवायला चौपट जड होतं.

आता दिवाळीपासूनच्या तिच्या उद्योगांकडे या नजरेनं बघा. ग्रिपवर ग्रिप चढवली की वजन मुठीकडे येतं, खालचं टोक हलकं वाटतं आणि मूठ भरल्यासारखी होते. तिला बरं वाटलं, कारण जड स्टिक खरोखरच किंचित हलकी भासू लागली. पण दोन ग्रिपमुळे दांडा जाड झाला. ड्रिबल करताना स्टिक फिरवतो तो डावा हात. उजवा हात नुसता नळीसारखा सैल ठेवायचा, स्टिक त्यातून गरगर फिरली पाहिजे. उजव्या हाताच्या जागी जाड, चिकट ग्रिप आली की स्टिक अडखळते आणि रिव्हर्सला, म्हणजे उलटी फिरवून बॉलच्या पलीकडे, न्यायला उशीर होतो. दोन मॅचनंतर तिला ते खुपलं. मग तिनं खाली टेप गुंडाळली आणि वर कमावलेलं खाली घालवलं. (टेप लावलेली स्टिकसुद्धा ५१ मिलिमीटरच्या कड्यातून जावी लागते, नाहीतर अंपायर बाजूला ठेवायला सांगू शकतात. एवढं तिला आत्ताच सांगून ठेवा.)

म्हणजे ताई, ही पोर खुळ्यासारखी चाळे करत बसलेली नाही. स्टिक आपल्या मापाची नाही हे तिच्या हातांना कळलंय आणि ज्या वस्तू मिळाल्या त्यांनी ती ते दुरुस्त करायला बघतेय. तिला फक्त नेमकं काय चुकतंय त्याचं नाव माहीत नाही. "मनाचे खेळ" म्हणून तिला गप्प केलं असतं तर माझ्या मते तो अन्याय झाला असता.

तरी तिच्या बाबांचं म्हणणं मी सगळंच खोडून काढणार नाही. मनाचा भाग आहे, आणि चांगला मोठा आहे.

२०११ साली अमेरिकेत गोल्फवर एक प्रयोग झाला. काही जणांच्या हातात गोल्फची एक काठी दिली आणि सांगितलं, ही बेन कर्टिस या नामवंत खेळाडूची आहे. बाकीच्यांना तशीच काठी ते नाव न सांगता दिली. ज्यांना नाव सांगितलं होतं त्यांनी बॉल जास्त वेळा खड्ड्यात घातला, आणि खड्डा केवढा आहे ते काढून दाखवायला सांगितलं तेव्हा तो मोठा काढला. मला हे पटतं, कारण पेनल्टी स्ट्रोकला उभी असताना गोल कधी दरवाज्याएवढा तर कधी खिडकीएवढा दिसलेला मी स्वतः अनुभवलाय. पण त्याआधी २०१० मध्ये जर्मनीत "हा लकी बॉल आहे" असं सांगून केलेला असाच प्रयोग बराच गाजला होता. २०१४ मध्ये अमेरिकेत तो पुन्हा जास्त माणसांवर करून पाहिला तर काहीच फरक दिसला नाही. नव्या वस्तूनं येणारा विश्वास हा असा आहे. येतो तेव्हा खरा असतो, पण भरवशाचा नसतो.

मी खडकीची. कॉलेजात असताना माझ्या स्टिकला एक लाल ग्रिप होती आणि ती लावल्यापासून माझे गोल व्हायला लागले अशी माझी पक्की समजूत होती. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी पावसात ती फाटली. लाल मिळेना म्हणून पांढरी लावली. मॅचमध्ये स्ट्रोक मिळाला, कॅप्टननं मला बोलावलं. बॉल ठेवला, ६.४० मीटरवर, वर्षभर रोज मारत होते त्याच जागी. शिट्टी वाजली आणि मी गोलकडे न बघता माझ्या मुठीकडे बघितलं. पांढऱ्या ग्रिपचं शेवटचं वेटोळं जरा वर आलं होतं, तेवढंच दिसत राहिलं. पुश इतका मवाळ गेला की गोलकीपरनं तो नुसता पायानं अडवला. पुढं किती महिने त्या वेटोळ्याची कड मला झोपेत अंगठ्याखाली जाणवायची. ग्रिपनं मला खेळ दिला नव्हता, तरी जाताना ती माझा खेळ घेऊन गेली. तुमच्या लेकीनं १८ हजारांच्या स्टिकवर सगळी भिस्त ठेवू नये असं मला वाटतं, ते पैशापेक्षा या कारणासाठी.

दोन मॅच छान आणि मग तसंच, हे कोडंही उलगडतं. ती बदल कधी करते? मॅच खराब गेली की. आणि फार खराब गेलेल्या मॅचनंतरची मॅच तशीही बहुधा बरीच जाते, कारण तेवढं वाईट कुणी रोज खेळत नाही. ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो, आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतो आणि नव्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणतो. तसंच हे. श्रेय ग्रिपला जातं.

आता धनराजबद्दल. हा दाखला खडकी-पिंपरीत प्रत्येक घरी दिला जातो आणि मला तो ऐकवत नाही. धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत भावांबरोबर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले बॉल घेऊन खेळले, हे खरं आहे. १९९२ ते २००४ चार ऑलिंपिक खेळले, हेही खरं आहे. पण त्यांतलं एकही ऑलिंपिक ते मोडक्या स्टिकनं खेळले नाहीत. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून ती स्टिक होती, ती चांगली होती म्हणून नव्हे. त्याच वसाहतींतली, तशाच स्टिकनं खेळणारी कितीतरी पोरं मध्येच खेळ सोडून गेली. त्यांची नावं कुणी दाखल्याला घेत नाही. साधनानं खेळ बदलतो याचा सगळ्यात कडू धडा तर आपल्याच देशाला मिळालाय. १९२८ ते १९७२ या काळात झालेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारतानं हॉकीचं पदक आणलं. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. कारणं आणखीही होती. पण गवतावर मनगटानं खेळायला शिकलेल्या पोरांच्या पायाखालची जमीनच बदलली होती. तिथं "मन खंबीर ठेवा" म्हणून काय उपयोग होता? आज तुमची लेक नेहरूनगरला टर्फवर खेळू शकते, हे मला रोज कौतुकाचं वाटतं. आम्ही धुळीत खेळलो.

मग ती ९० टक्के कार्बनची लो बो स्टिक? नको. यात मला जराही शंका नाही.

कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ. ताठ स्टिकवरून बॉल जोरात सुटतो, पण तिनंच बॉल थोपवायला गेलं की बॉल टणकन उडून पुढं जातो. हाताला बॉलची चाहूल कमी लागते. हाफच्या मुलीचं निम्मं काम बॉल थोपवणं आहे. लो बो म्हणजे दांड्याची कमान खाली, वाकड्या भागाजवळ असते. नियमाप्रमाणे ही कमान २५ मिलिमीटरपर्यंत आणि खालच्या टोकापासून २०० मिलिमीटरच्या वरच असावी लागते, लो बो त्या हद्दीला जाऊन टेकते. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणाऱ्यांना त्याचा खरा फायदा होतो. बॉल त्या कमानीत बसतो, ओढत नेता येतो आणि उचलून फेकता येतो. पण तशा स्टिकनं साधा जमिनीलगतचा हिट मारायला गेलं की ज्याचं तंत्र पक्कं नाही त्याचा बॉल उडतो. हाफनं मारलेला बॉल उडून कुणाच्या अंगावर गेला की फाउल, आणि तोही आपल्याच गोलसमोरच्या अर्धवर्तुळात झाला तर पेनल्टी कॉर्नरची भीती. ती पेनल्टी कॉर्नर मारते का? मारत नसेल तर ज्या कामासाठी ही स्टिक केलीय ते काम तिच्याकडे नाहीच.

तिला हवी ३५ किंवा ३६ इंची, हलकी, मिड बो (कमान दांड्याच्या मध्याकडे असलेली), कमी कार्बनची स्टिक. जालंधर आणि मेरठला बनणाऱ्या अशा स्टिक १८ हजारांच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास मिळून जातात. भिशी लागली तर त्यातून टर्फचे शूज घ्या, तळाला बारीक रबरी खुंट्या असलेले. ओल्या टर्फवर साध्या स्पोर्ट्‌स शूजनं ती घसरत असेल, आणि घसरायची भीती असलेली मुलगी पूर्ण वाकत नाही. डाव्या हाताचा एक ग्लोव्हही घ्या. स्टिक आडवी टाकून बॉल अडवायचा तर डाव्या हाताची बोटं टर्फला घासतात. ज्यांची एकदा सोलून निघालीत त्या पोरी पुढच्या वेळी स्टिक बोटभर वर धरतात आणि बॉल खालून निघून जातो. ग्लोव्ह घातला की ती भीती जाते आणि स्टिक जमिनीला टेकते. इथं साधन कुठं संपलं आणि विश्वास कुठं सुरू झाला हे मलाही वेगळं काढून दाखवता येणार नाही. तशी गरजही नाही.

जुनी स्टिक वरून कापून घेऊ का, असं तुमच्या मनात येईल. कापता येते, बरेच जण कापतात. पण वरचे दीड इंच गेले की उरलेलं वजन अजून खाली झुकल्यासारखं लागतं. महिना-दोन महिन्यांची सोय म्हणून ठीक.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, तिला सांगायचं का. सांगा, पण "हे तुझ्या मनाचं आहे" या शब्दांत नको. पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून एकच ऐकू येतं, तू खोटं बोलतेस. त्यापेक्षा तिला स्वतःला बघू दे. मी ग्राउंडवर मुलींना शिकवत होते तेव्हा हे वरचेवर करायचे. सारख्या लांबीच्या तीन स्टिक घ्यायच्या, एक महागडी, दोन साध्या. तिन्हींना वरपासून खालपर्यंत पांढरी टेप गुंडाळायची, नाव-रंग काही दिसता कामा नये, ग्रिपही तिन्हींना सारखी. मग एका मुलीनं प्रत्येक स्टिकनं वीस बॉल थोपवायचे, वीस पुश मारायचे, दुसरीनं मोजायचं. स्टिक दर पाच बॉलनंतर बदलायची, म्हणजे दमणूक एकाच स्टिकच्या वाट्याला येत नाही. पुशवरून महागडी कुठली हे बहुतेकींना ओळखता यायचं नाही. थोपवताना मात्र ताठ स्टिक लगेच कळायची, बॉल हातभर पुढं पळायचा. एकदा एक मुलगी, आपल्या नव्या स्टिकवर जीव असलेली, टेप सोलून बघते तर तिनं "ही नको" म्हणून बाजूला ठेवलेली स्टिक तिचीच. ती रडेल असं मला वाटलं. ती तिथंच बसली आणि मला म्हणाली, "मॅडम, मग परवाचे दोन गोल मीच मारले ना?"

मैत्रिणींकडून ३६ इंची दोन स्टिक एका रविवारपुरत्या मागून आणा आणि तुम्ही स्वतः ग्राउंडवर जा. टेप तुम्ही गुंडाळा, आकडे तुम्ही लिहा. हॉकीतलं काही कळावं लागत नाही, मोजता आलं की झालं. पॅकिंगमध्ये तुमची मोजणी माझ्यापेक्षा नक्कीच पक्की असेल. तिची ३७.५ इंचीसुद्धा त्यात ठेवा, लांबी लपणार नाही तरी चालेल. पुढं काहीही बदललं की महिनाभर तेच ठेवायचं, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, आणि वहीत दर मॅचला दोनच गोष्टी लिहायच्या. किती बॉल थोपवताना सुटले आणि किती वेळा बॉल हिसकावला गेला. गुलाबी ग्रिप मात्र राहू दे. तिला ती आवडते, एवढं कारण ग्रिपला पुरेसं आहे. वरची दुसरी तेवढी काढा.

आज ती प्रॅक्टिसहून आली की शूज काढायच्या आत भिंतीपाशी सरळ उभी करा. स्टिकचं वाकडं टोक जमिनीला टेकवून ती तिच्या पायाला बाहेरून लावून धरा. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी यायला हवं. ते हाडाच्या किती बोटं वर जातंय ते मोजा. मग तिला खेळताना वाकते तशी वाकायला सांगा, दोन्ही हातांत स्टिक देऊन, आणि टोक त्या डागावरच येतं का बघा. येत असेल तर तिच्या बाबांनाही बोलावून दाखवा. नवी स्टिक आल्यावरही महिन्याभरात डाग गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. आणि किती बोटं वर गेली ते मला कळवा.